एकाच पीसीवर चार-पाच गेम अकाउंट चालवायची आहेत? आधी रॅम मोजा

ग्राफिक्स कार्डावर पैसे ओतण्याआधी आहे त्या मशीनवर गेमची एकच विंडो उघडा. गर्दीच्या नकाशात अर्धा तास खेळा आणि टास्क मॅनेजरमध्ये तो गेम किती मेमरी खातोय ते पाहा. लॉगिन स्क्रीनवरचा आकडा फसवा असतो. समजा २.५ जीबी दिसले, तर पाच अकाउंटना १२.५ जीबी, वर विंडोज आणि ब्राउझरसाठी ५-६ जीबी. म्हणजे १६ जीबी अपुरी, सरळ ३२ घ्या, तीही १६-१६च्या दोन स्टिकमध्ये, म्हणजे ड्युअल चॅनेलचा (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून मेमरीचा वेग वाढवण्याचा) फायदा मिळतो. रॅम संपली की विंडोज डिस्कवर पेजिंग सुरू करतं, म्हणजे रॅममधला डेटा हळू डिस्कवर हलवतं, आणि पाचही विंडो एकदमच अडखळतात.

प्रोसेसरला कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) जास्त हवेत. जुने गेम एखाद-दुसऱ्या कोअरवरच भार टाकतात, त्यामुळे साधारण विंडोमागे एक कोअर धरा. व्हीरॅमही (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) प्रत्येक विंडो वेगळी घेते. एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) हवीच, त्यात चर्चा कसली!

मागच्या विंडोंना १५ एफपीएसची (सेकंदाला १५ फ्रेमची) मर्यादा आणि सर्वांत कमी ग्राफिक्स लावा, बराच भार तिथेच उतरतो. आणि हो, अनेक अकाउंट एकत्र चालवायला गेमची परवानगी आहे का, ते खरेदीआधीच वाचा. काही गेममध्ये थेट बॅन बसतो.