पॉवरपॉइंटमधल्या लाल रेघा गेल्या एकदाच्या

सांगलीच्या हळदीवर प्रेझेंटेशन करत होतो, २०१८ चं जीआय मानांकन, हरिपूरची पेवं (हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे) वगैरे, आणि 'पेव', 'राजापुरी' (हळदीची जात) सगळ्याखाली लाल नागमोडी रेघा! डिस्प्ले लँग्वेज बदलून काय होत नाही, ती नुसती मेनूची भाषा. स्पेलिंग तपासायची भाषा मजकुराला चिकटलेली असते, कॉपीपेस्ट केलं की सोबत येऊ शकते. मग व्ह्यूमधनं आउटलाइन व्ह्यू, कंट्रोल ए, नंतर रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, तिथं मराठी निवडलं की झालं. पण वेगळे टाकलेले टेक्स्ट बॉक्स आउटलाइनमध्ये दिसतच नाहीत (कुणाच्या डोक्यातनं आलं हे!), ते प्रत्येक स्लाइडवर जाऊन करायचे. ऑप्शन्सच्या प्रूफिंगमधनं रेघा नुसत्या लपवता पण येतात, पण मग इंग्रजीतल्या चुका पण लपतात बघा.