फ्री शोअर वॉकला जायचंय? मग आधी ओहोटीची वेळ बघा

बीचवर आपण सगळेच जातो, पाण्यात पाय बुडवतो, सूर्यास्ताचे फोटो काढतो आणि परत येतो, पण त्याच किनाऱ्यावर राहतं कोण हे बघायचं असेल तर सूर्यास्त सोडा, ओहोटीची वेळ बघून घराबाहेर पडा. आणि पहिल्यांदा एकटेदुकटे जाऊ नका, गाइडबरोबर शोअर वॉकला, म्हणजे ओहोटीत किनाऱ्यावरचे जीव बघत फिरायला, जा. हे मी मनापासून सांगतेय, कारण कितीतरी वर्षं मी खडकांवरून चालत होते आणि मला दगड, शेवाळ आणि चार खेकडे याच्यापलीकडे काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. पहिल्या वॉकला मात्र आमचा गाइड, कॉलेजात शिकणारा मुलगा, परातीएवढ्या एका डबक्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, इथे दहा मिनिटं कोणी हलायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डबक्यातले "दगड" चालायला लागले.

असे फ्री वॉक बहुतेक समुद्राकाठच्या ठिकाणी होत असतात, फक्त आपण शोधत नाही. निसर्गमंडळं, मत्स्यालयं, नॅचरल हिस्टरी म्युझियम, समुद्रविज्ञान शिकवणारी कॉलेजं, सागरी अभयारण्यांची ऑफिसं, अशा लोकांची सोशल मीडियाची पानं बघा आणि शोअर वॉक, इंटरटायडल वॉक, टाइडपूल वॉक असे शब्द टाकून सर्च करा. फ्री असले तरी बहुतेक ठिकाणी नाव नोंदवावं लागतं, कारण एका गाइडमागे वीस-पंचवीस लोकांच्या वर गर्दी झाली की मागच्याला काही दिसत नाही आणि पायाखाली काय येतंय त्याच्यावर लक्षही राहत नाही. म्हणून एक विनंती, नाव नोंदवलंत आणि जमत नसेल तर आदल्या दिवशी तरी कळवा. फुकट आहे म्हणून लोक येतच नाहीत आणि वेटिंगवरचा माणूस घरी बसतो, हे बघून खरंच वाईट वाटतं. नोंदवताना तीन गोष्टी विचारून घ्या: किती वर्षांपासूनची मुलं चालतात, खडकाळ आहे की वाळूचं की चिखलाचं, आणि वॉक संपवून परत किती वाजता.

आता ओहोटीबद्दल, आणि इथे जरा वेळ द्या कारण सगळं याच्यावरच आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं, आणि रोजची वेळ जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आज सकाळी सातला ओहोटी असेल तर उद्या आठच्या आसपास. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्याच्यानंतर एक-दोन दिवस उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खूप खाली उतरतं, एरवी कधी उघडा न पडणारा भाग तेव्हा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, वॉकला मजा नाही. चांगले ग्रुप म्हणूनच तारखा रविवार बघून ठरवत नाहीत, चंद्र बघून ठरवतात, आणि तुम्हाला पहाटे साडेपाचला बोलावलं तर कुरकुरू नका, त्या दिवशी समुद्राची तीच वेळ आहे.

भरती-ओहोटीचा तक्ता नेटवर, ॲपमध्ये सहज मिळतो. त्यात वेळेपुढे मीटरमध्ये आकडा असतो, तो जितका शून्याच्या जवळ तितकं पाणी खाली. ०.३ असेल तर उत्तम, मायनसमध्ये असेल तर सगळी कामं बाजूला ठेवून जा. पण हा हिशोब प्रत्येक किनाऱ्याचा वेगळा, कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो आणि भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी जेमतेम फूटभर, तेव्हा तक्ता त्याच किनाऱ्याचा बघा, दुसरीकडचा चालत नाही. पोचायचं ओहोटीच्या तास-दीड तास आधी. पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे खाली जायचं आणि ते फिरलं की आपणही फिरायचं. पाणी परत येताना फसवतं, पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढंच वर येतं, दुसऱ्या तासात दोन भाग, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन भाग, म्हणजे सुरुवातीला वाटतं अजून खूप वेळ आहे आणि मग मागची वाट कधी भरली ते कळतच नाही. गाइडने चला म्हटलं की चला, एक शेवटचा फोटो वगैरे नको.

सामान फार लागत नाही. बोटं झाकणारे, मागून पट्टा असलेले, ओल्या खडकावर पकड धरणारे जुने बूट, चप्पल अजिबात नको कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. टोपी, पाणी, गुडघे झाकणारी पँट. सनस्क्रीन घरीच लावा आणि हात धुऊन या, तेच हात डबक्यात गेले तर ते केमिकल त्या एवढ्याशा पाण्यात मिसळतं. पोलराइज्ड गॉगल असेल तर नक्की आणा, पाण्यावरची चमक कापली जाते आणि तळ स्वच्छ दिसतो. आणि एक दहा पट मोठं दाखवणारं भिंग. मुलांना बादली आणि जाळी देऊ नका, भिंग द्या, बघा कसा फरक पडतो.

वॉक सुरू झाला की बहुतेक लोक सरळ पाण्याकडे धावतात, पण वरून खाली सावकाश उतरा, कारण किनारा म्हणजे मजले असलेली चाळ आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी खडकाच्या भेगेत दाराला टाळा लावून बसलेल्या असतात. त्याखाली बार्नॅकल, ते पांढरे टोकदार खवले जे आपल्याला खडकाचाच भाग वाटतात. तो प्राणी आहे, खेकड्या-कोळंबीचा नातेवाईक, डोक्याने खडकाला कायमचा चिकटलेला आणि पायांनी पाण्यातलं अन्न ओढून खाणारा. डबक्यात बुडालेला एखादा बार्नॅकल भिंगातून बघा, झाकण उघडतं आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन मूठ मारून आत जातात, परत बाहेर, परत आत. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या बार्नॅकलवर काढली, आणि हे पाय हलताना बघितले की त्याने एवढी वर्षं का दिली असतील ते समजतं.

आणखी खाली शिंपले, कालवं, मग समुद्रफुलं, स्पंज, तारामासे. समुद्रफूल (सी ॲनिमोनी) हा प्राणीच, पाण्यात असलं तर फुलासारखं उमललेलं, पण उघडं पडलं की मिटून जेलीचा गोळा होतं आणि वर वाळूचे कण, शिंपल्यांचे तुकडे चिकटवून घेतं, लोक बिनधास्त त्याच्यावर पाय देतात. म्हणून पाय ठेवायचा तो कोरड्या उघड्या खडकावर नाहीतर मोकळ्या वाळूवर, शेवाळावर नाही. तारामासा दिसला की सगळे उचलायला जातात, तर त्याची एक गोष्ट सांगते. रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एका पट्ट्यातले तारामासे सतत काढून टाकले आणि तिथे काय होतं ते बघत राहिला. तारामासे शिंपले खातात, ते गेल्यावर शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि तिथल्या १५ प्रजातींच्या ८ झाल्या. हे त्याने १९६६ मध्ये छापलं, आणि कीस्टोन प्रजाती, म्हणजे जी गेली की तिथली सगळी घडी मोडते अशी प्रजाती, ही कल्पना तिथूनच आली. मला तरी हे कळल्यापासून तारामासा हातात धरून फोटो काढावासा वाटत नाही, जिथे आहे तिथेच सुंदर दिसतो.

डबक्यापाशी बसताना आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला बसा, सावली पडली की मासे गेलेच. पाठ समुद्राकडे करू नका. आणि गप्प बसा, पाच मिनिटं तरी. शंखवासी खेकडे आधी अंग आत ओढून घेतात आणि मग एकेक पाय काढून चालायला लागतात. याच्या अंगाचा मागचा भाग मऊ असतो म्हणून तो रिकामा शंख घालून फिरतो, आणि वाढला की मोठा शंख शोधावा लागतो. कधीकधी एका रिकाम्या शंखाभोवती चार-पाच खेकडे जमतात, सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरतो, त्याचा जुना पुढचा घेतो, त्याचा त्याच्या पुढचा. घर बदलायचं हे सगळं काही सेकंदात, उघडं अंग दिसतं न दिसतं तोवर आत. मी हे एकदाच बघितलंय, पण त्या दिवसापासून घरी आणून बरणीत भरलेल्या शंखांकडे बघवत नाही. रिकामा शंख म्हणजे कोणाचं तरी पुढचं घर, तो किनाऱ्यावरच ठेवा.

दगड उलटायचा असेल तर गाइडलाच उलटू द्या. खालच्या बाजूला अंडी, स्पंज, छोटे खेकडे असतात, त्यांना ऊन लागलं की ते मरतात, म्हणून बघून झालं की दगड हळूच, होता तसाच, त्याच बाजूवर. कोणी उलटा टाकून गेलेला दगड दिसला की मी गाइडला सांगते.

वाळूचा किनारा असेल तर निराश होऊ नका, तिथे खुणा वाचायच्या. शिंपल्यावर ड्रिलने पाडल्यासारखं गोल, आतल्या बाजूला निमुळतं होत गेलेलं भोक दिसलं तर ती मून स्नेल नावाच्या गोगलगायीची करामत, ती शिंपला पोखरून आतलं खाते. तिचीच अंडी म्हणजे वाळूची गोल कॉलर, हातात घेतली तर तुटक्या रबरासारखी लागते. मी ती प्लास्टिक समजून कचऱ्याच्या पिशवीत टाकायला निघाले होते, गाइडने हात धरून थांबवलं आणि उन्हात धरून दाखवली, आत हजारो बारीक ठिपके. बारीक बारीक वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसली तर ते छोट्या खेकड्यांचं जेवण, वाळू तोंडात घालून त्यातलं खाण्यासारखं घेतात आणि उरलेल्याची गोळी करून टाकतात.

पक्षी लांबूनच बघा. चिखल्या, तुतवार हे किनाऱ्यावर धावणारे बरेचसे हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. २०२२ मध्ये पाच महिन्यांचं बार-टेल्ड गॉडविटचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत न थांबता १३,५६० किलोमीटर उडत गेलं. अशा पक्ष्याला खायला ओहोटीचे तेवढेच तास मिळतात, आणि आपण थव्यातून पळालो, कुत्रा सोडला की त्यांचं खाणं राहतं आणि उडण्यात ताकद जाते.

हात लावायच्या बाबतीत नियम सोपा ठेवा: गाइडने नाव सांगेपर्यंत हात खिशात. कोन स्नेलचा शंख नक्षीदार, उचलावासाच वाटतो, पण आतला प्राणी विषारी बाण मारतो आणि काही जातींच्या दंशाने माणसं मेलेली आहेत. किनाऱ्याला लागलेला निळ्या फुग्यासारखा ब्लूबॉटल नावाचा, जेलीफिशसारखा प्राणी मेलेला असला तरी त्याचे दोरे डसतात. काही चावलं, टोचलं तर चोळत बसू नका, लपवू नका, ताबडतोब गाइडला सांगा.

फोटो भरपूर काढा, पण फ्लॅश बंद. एक जवळून, एक बाजूने, एक आजूबाजूची जागा दाखवणारा, असे तीन काढलेत तर नंतर ओळखायला सोपं जातं. घरी आल्यावर ते आयनॅचरलिस्टवर टाका, ही फ्री साइट २००८ मध्ये सुरू झाली, तिथे जगभरचे जाणकार नाव ओळखायला मदत करतात आणि तुमची नोंद तारीख-जागेसकट संशोधकांना वापरता येते. नाव माहीत नसेल तरी टाका, नुसतं "खेकडा" लिहिलं तरी चालतं, पुढचं कोणीतरी बघतं. किनारे झपाट्याने बदलतायत, कुठे काय होतं याची नोंद असेल तरच उद्या काय गेलं ते सांगता येईल.

आणि जमलं तर पुढच्या उधाणाला, म्हणजे साधारण पंधरा दिवसांनी, परत त्याच ग्रुपबरोबर त्याच डबक्यापाशी जाऊन बसा. मी एका डबक्याच्या कडेला एक बीळ बघून ठेवलंय, तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा आणि शिंपल्यांचा ढीग आहे. गाइड म्हणतो आत ऑक्टोपस आहे, खाऊन झालेलं तो असंच दाराबाहेर टाकतो. दोन वॉक झाले, अजून तो बाहेर आलेला नाही, पण ढीग दर वेळी वाढलेला असतो.