छोट्या गावातलं लिबरल आर्ट्‌स कॉलेज: आपल्याला मानवेल का?

बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेला जायचं ठरवणाऱ्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न वारंवार येतो. यादीत एखादं लिबरल आर्ट्‌स कॉलेज (एकाच शाखेत न अडकवता विज्ञानापासून साहित्यापर्यंत सगळं शिकवणारं छोटं निवासी कॉलेज) असतं, शिष्यवृत्ती घसघशीत मिळत असते, पण नकाशा उघडला की कॉलेजच्या चारी बाजूंना नुसती मक्याची शेतं दिसतात. मग आई-बाबा गोंधळतात आणि मूलही. मी आयोवातल्या अशाच एका कॉलेजात शिकले, गणित आणि तत्त्वज्ञान असे दोन विषय घेऊन. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. शहरातल्या विद्यापीठात तुम्ही फक्त शिक्षण निवडता. बाकीचं आयुष्य शहर पुरवतं. छोट्या गावात शेजार, जेवण, कामधंदा, दवाखाना, करमणूक, मैत्री हे सगळं एकटं कॉलेज पुरवतं. म्हणून अभ्यासक्रम जितक्या बारकाईने बघाल, तितक्याच बारकाईने तिथला रोजचा दिवस बघा.

आधी आकाराची कल्पना देते. अशा कॉलेजांत साधारण दीड ते अडीच हजार विद्यार्थी असतात आणि जवळजवळ सगळे पदवीचेच. आयोवातलं ग्रिनेल, मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स, ओहायोतलं केनियन, मिनेसोटातलं कार्लटन ही यातली नावाजलेली नावं. इथे भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, संगणकशास्त्र हे सगळं इतिहास-साहित्याच्या बरोबरीने शिकवलं जातं, त्यामुळे विज्ञानाच्या मुलांनी बिचकायचं कारण नाही. पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे वर्ग प्राध्यापक स्वतः घेतात, आणि प्रयोगशाळेत त्यांना हाताखाली कोणी हवं असेल तर ते तुम्हीच असता.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण ग्रिनेलचंच आहे. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७च्या डिसेंबरमध्ये बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेत लागला. ग्रँट गेल नावाच्या ग्रिनेलमधल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी खटपट करून त्या अगदी सुरुवातीच्या काळातले ट्रान्झिस्टर आपल्या कॉलेजात आणले. ते ज्या विद्यार्थ्याने पाहिले तो रॉबर्ट नॉइस. १९४९ मध्ये तो तिथून पदवीधर झाला, एमआयटीत पीएचडी केली, आणि १९६८ मध्ये इंटेल स्थापन करणाऱ्या दोघांपैकी एक झाला. छोट्या कॉलेजात नेमकं काय मिळतं ते या गोष्टीत दिसतं: एक प्राध्यापक, ज्याला तुम्ही नावाने आणि स्वभावाने माहीत आहात, आणि जो आपल्या हातातली गोष्ट तुमच्या हातात देतो. पुढचा मोठा टप्पा मात्र दुसरीकडे गाठावा लागतो. दरडोई हिशेब केला तर पुढे पीएचडी करणाऱ्यांमध्ये ग्रिनेल, कार्लटन, स्वार्थमोर, रीड अशा कॉलेजांचे विद्यार्थी खूप वरच्या क्रमांकावर असतात, त्याचं मूळही या ओळखीत आहे. माझी शिफारसपत्रं ज्यांनी लिहिली त्यांनी माझे वर्गातले वाद ऐकले होते, कच्चे निबंध वाचले होते आणि मी कुठे अडते हेही त्यांना माहीत होतं.

पण या ओळखीची दुसरी बाजूही नीट समजून घ्या. बारा जणांच्या वर्गात गप्प बसता येत नाही. चर्चेतल्या सहभागाला गुण असतात, आणि वाचून आला नाहीत तर पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. सकाळी वर्ग बुडवला तर दुपारी डायनिंग हॉलमध्ये तेच प्राध्यापक ताट घेऊन समोर उभे राहतात आणि काळजीने विचारतात, ‘बरं आहे ना?’ मैत्री तुटली तरी ती व्यक्ती रोज तीन वेळा दिसतेच. मला हे सगळं आधार वाटलं. माझ्या एका मैत्रिणीला त्याचा जाच झाला, ती दुसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठात गेली आणि तिथे खुलली. दोघींपैकी कोणीच चूक नव्हतं.

लाजाळू मुलांनी इथे येऊ नये असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. बोलायला संकोच वाटतो पण कोणीतरी विचारावं असं मनातून वाटतं, अशा मुलांसाठी ही जागा फार चांगली आहे; मराठी माध्यमातून आलेल्यांसाठीसुद्धा. ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत, जाऊन निबंध ओळीओळीने तपासून घेता येतो, रायटिंग सेंटरमध्ये वरच्या वर्गातला विद्यार्थी शेजारी बसून मदत करतो. मात्र ज्याला आपल्या मनासारखं, कोणाच्या नजरेत न येता राहायला आवडतं, त्याने खरंच मोठं शहर निवडावं.

आता अभ्यासक्रमाकडे वळते, कारण सर्वात जास्त अपेक्षाभंग इथे होतो. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक विभागाचे वीस-पंचवीस कोर्स दिसतात. ते सगळे दर वर्षी शिकवले जात नाहीत. विभागात चार-पाच प्राध्यापक असतात, त्यातला एक सबॅटिकलवर (संशोधनाच्या लांब रजेवर) जातो, वरचे कोर्स वर्षाआड येतात. म्हणून कॅटलॉगवर थांबू नका. रजिस्ट्रारच्या पानावरून मागच्या चार सेमिस्टरची प्रत्यक्ष वेळापत्रकं काढा आणि तुम्हाला ज्या विषयात मेजर (मुख्य विषय) करायचंय त्यातले वरच्या पातळीचे कोर्स किती वेळा झाले ते मोजा. विभागाच्या पानावर किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती जणांच्या नावापुढे ‘व्हिजिटिंग’ (तात्पुरते) लिहिलंय तेही पाहा. व्हिजिटिंग प्राध्यापक उत्तम शिकवतात, पण तुम्हाला त्यांच्याकडे प्रबंध करायचा असतो तोवर ते दुसरीकडे गेलेले असू शकतात. या कामाला एक दुपार लागते आणि कुठल्याही रँकिंगपेक्षा त्यातून जास्त कळतं.

विमानविद्या, रोबोटिक्स असं अरुंद आणि पक्कं ध्येय असेल तर अशा कॉलेजात जाऊ नका. ‘थ्री-टू’ नावाची एक सोय दाखवली जाते: तीन वर्षं इथे, दोन वर्षं भागीदार विद्यापीठात, शेवटी इंजिनिअरिंगची पदवी. कागदावर छान आहे. पण त्या दोन वर्षांसाठी परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मिळेलच असं नाही, आणि प्रत्यक्षात त्या वाटेने जाणारे थोडेच असतात. त्यावर भिस्त ठेवून प्रवेश घेऊ नये.

याउलट काय शिकायचं हे ठरलेलं नसेल तर ही कॉलेजं म्हणजे पर्वणी आहे. मेजर साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. ग्रिनेल आणि मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर सगळ्यांना सक्तीचे असे कोर्सच नाहीत. आयोवातल्या माउंट व्हर्नन गावचं कॉर्नेल कॉलेज १९७८ पासून एका वेळी एकच विषय शिकवतं: साडेतीन आठवडे फक्त तेच, मग पुढचा. (न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाशी याचा संबंध नाही, अर्ज भरताना नाव दोनदा वाचा.) विल्यम्समध्ये दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक असे ट्युटोरियल चालतात. दर आठवड्याला आळीपाळीने एक जण निबंध लिहितो, दुसरा त्याची चिकित्सा करतो. असं शिकणं तुम्हाला सोसेल का, हे स्वतःला विचारा.

गाव म्हणजे तरी किती गाव, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. कार्लटन ज्या नॉर्थफील्डमध्ये आहे तिथेच सेंट ओलाफ हे दुसरं कॉलेज आहे आणि मिनिआपोलिस हे मोठं शहर गाडीने तासाभरावर. अ‍ॅम्हर्स्टहून बसने स्मिथ, माउंट होलिओक आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जाऊन कोर्स घेता येतात. ग्रिनेल आयोवाच्या राजधानीपासून, डे मॉइनपासून, साधारण ९० किलोमीटरवर, वस्ती नऊ हजारांच्या आसपास. केनियनचं गॅम्बिअर तर याहूनही लहान खेडं. किलोमीटर मोजण्यापेक्षा एक प्रश्न विचारा: स्वतःची गाडी नसेल तर शनिवारी इथून बाहेर कसं पडायचं? कॉलेजची शटल असते का, कोणत्या दिवशी, विमानतळापर्यंत जाते का, परतीची शेवटची फेरी किती वाजता?

हिवाळ्याबद्दल सगळेच घाबरवतात. थंडीचं म्हणाल तर चांगला कोट, बूट आणि थरांनी कपडे घातले की उणे वीसमध्येही वर्गाला जाता येतं. मला जड गेला तो अंधार. डिसेंबरमध्ये आयोवात पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. त्यात हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे घेतली जात असल्यामुळे घरच्या वेळेशी असलेलं अंतर साडेदहा तासांवरून साडेअकरा तासांवर जातं, म्हणजे तुमचा दिवस संपतो तेव्हा घरी पहाट असते. फोनची वेळ ठरवून ठेवा. समुपदेशन केंद्रात अपॉइंटमेंट किती दिवसांत मिळते हे प्रवेशाआधीच विचारा. गावात दुसरा पर्याय बहुधा नसतो.

थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरचा सण) आणि हिवाळी सुट्टीत डायनिंग हॉल बंद होतो, कॅम्पस रिकामा होतो. डॉर्ममध्ये राहता येतं का, जेवणाचं काय, हे लेखी विचारून घ्या. बऱ्याच कॉलेजांत होस्ट फॅमिलीची सोय असते. माझ्या यजमान आजी-आजोबांनी मला शेतावर नेलं, बर्फात गाडी चालवायला शिकवलं, पदवीदान समारंभात माझ्या आई-बाबांच्या शेजारी बसले. गावातले लोक सौजन्याने वागतात, पण तुम्ही वेगळे दिसता आणि ते सतत जाणवतं, हेही खरं. संपूर्ण कॅम्पसवर मराठी बोलणारं दुसरं कोणी नसण्याची तयारी ठेवा. दिवाळीला मात्र दक्षिण आशियाई विद्यार्थी जे काही करतात त्याला अख्खं कॉलेज लोटतं. शहरात एवढे लोक आले नसते.

पैशांचं थोडक्यात. शिष्यवृत्ती वजा न करता छापील खर्च आता अनेक ठिकाणी वर्षाला ८०,००० ते ९०,००० डॉलरच्या घरात आहे. अ‍ॅम्हर्स्ट, बोडिन अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देताना त्यांची आर्थिक गरज बघत नाहीत, म्हणजे मदत मागितली म्हणून प्रवेशाची शक्यता कमी होत नाही. बहुतेक बाकीची बघतात. बहुतेक कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं ठरावीक नमुन्यातलं माहितीपत्रक प्रसिद्ध करतात; त्यात एच विभागात परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सरासरी किती मदत मिळाली ते छापलेलं असतं. त्याच्याच बी विभागात पहिल्या वर्षानंतर किती टक्के विद्यार्थी परत आले तेही सापडतं. नव्वदच्या वर असेल तर उत्तम. केंटकीतलं बेरिया कॉलेज शिक्षणशुल्क घेतच नाही, पण तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावं लागतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. गावात खर्च करायला फारसं काही नसतं, त्यामुळे त्यात हातखर्च भागतो. विमानाची तिकिटं, आरोग्य विमा आणि उन्हाळ्यात राहायची जागा मात्र वेगळी धरा.

एक गोष्ट पालकांनी आवर्जून तपासावी: कॉलेज टिकेल का? व्हरमाँटचं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ मध्ये बंद झालं. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ पासूनचं. २०२४ मध्ये एप्रिलच्या अखेरीस घोषणा झाली आणि त्याच सत्रानंतर दारं बंद. व्हर्जिनियाचं स्वीट ब्रायर २०१५ मध्ये बंद होणार होतं, ते माजी विद्यार्थिनींनी झगडून वाचवलं. प्रतिविद्यार्थी एंडोमेंट (कॉलेजचा गुंतवलेला कायमस्वरूपी निधी) किती, मागच्या पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या घटली का, विभाग बंद झाले का, हे बघा. शिष्यवृत्ती भरघोस असली तरी या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

नोकरीच्या बाबतीत खरं सांगायचं तर मोठ्या कंपन्यांची माणसं एवढ्या आडगावी क्वचित येतात. माजी विद्यार्थ्यांना स्वतःहून लिहावं लागतं. ते उत्तर देतात, आणि आपुलकीने देतात, कारण त्यांची संख्याच थोडी असते. पदवीनंतर ओपीटी या विद्यार्थ्यांसाठीच्या काम-परवान्यावर १२ महिने काम करता येतं, आणि मेजर स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर आणखी २४. अर्थशास्त्र घेणाऱ्यांनी इथे सावध राहावं: काही कॉलेजांत त्याची नोंद ४५.०६०३ या सांख्यिकी-प्रधान कोडखाली असते आणि ती स्टेममध्ये धरली जाते, काही ठिकाणी साध्या अर्थशास्त्राखाली, जी धरली जात नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला एक ईमेल केला की कळतं. लवकर भारतात परतून नोकरी करायची असेल तर कॉलेजचं नाव आपल्याकडे फार कोणाला माहीत नसतं, हेही हिशेबात धरा.

निर्णयाआधी दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याशी बोला. पहिल्या वर्षाचे अजून भारावलेले असतात, चौथ्या वर्षाचे निघायच्या घाईत. ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारू नका. मागच्या शनिवारी काय केलंस, शेवटचा गावाबाहेर कधी गेलास, आजारी पडलास तेव्हा कोणाला फोन केलास, हवा असलेला कोणता कोर्स मिळाला नाही, असं विचारा. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे जुने अंक वाचा. माहितीपत्रकात नसलेली भांडणं तिथे असतात.

अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज) बांधील असतो, प्रवेश मिळाला की दुसऱ्या कॉलेजांच्या शिष्यवृत्तीशी तुलना करायची संधी जाते; म्हणून ही सगळी चौकशी नोव्हेंबरच्या आधी झालेली असेल तरच तो अर्ज भरा. नेहमीच्या फेरीत होकार कळवायला साधारण १ मेपर्यंत वेळ असतो. नाही पटलं तर वर्षभराने बदलू, असं गृहीत धरू नका. बदली करता येते, पण बदलीने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मोठी शिष्यवृत्ती देणारी कॉलेजं फारच थोडी आहेत.