प्रीमियर पद्मिनी गाडीत जीपीएस ट्रॅकर लावल्यापासून दर पंधरवड्याला बॅटरी बसायची

लक्षण: गाडी पंधरा दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो आणि ट्रॅकरही ऑफलाइन. म्हणजे चोरी झाली असती तरी कळलं नसतं! नवी ३५ एएच (अँपियर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी टाकली, सिम बदललं, उपयोग शून्य.

मग दारं बंद करून, निगेटिव्ह केबल काढून मल्टीमीटर १० अँपियरवर सीरिजमध्ये, म्हणजे ती केबल आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्या मध्ये लावला (मध्येच सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो). किल्ली काढलेली असूनही ६० मिलिअँपियर, म्हणजे दिवसाला १.४४ एएच. फिटरने ट्रॅकरची लाल (कायमचा पुरवठा) आणि पिवळी (इग्निशन चालू आहे का ते कळवणारी), दोन्ही वायरी थेट बॅटरीवर जोडल्या होत्या. त्यामुळे ट्रॅकरला इग्निशन कायम चालूच वाटायचं, तो झोपायचाच नाही.

उपाय याच क्रमाने:
१. निगेटिव्ह केबल काढा.
२. लाल वायर २ अँपियर फ्यूजमधून बॅटरी पॉझिटिव्हला.
३. काळी बॉडीला, रंग खरवडून.
४. पिवळी इग्निशन स्विचच्या किल्ली फिरवल्यावरच १२ व्होल्ट येणाऱ्या टोकाला. रंग मॉडेलनुसार बदलतात, माहितीपत्रक बघा.
५. केबल लावून दहा मिनिटांनी पुन्हा मोजा.

आता ५ मिलिअँपियर. चोर आधी बॅटरीच तोडतो, म्हणून सीटखाली स्वतःच्या बॅटरीवरचा दुसरा छोटा ट्रॅकरही ठेवलाय.