योम किप्पूरचा उपास कसा करावा

योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा अपराधांची माफी मागण्याचा दिवस, त्यांच्या पंचांगातल्या तिश्री महिन्याची दहावी तारीख. कोकणातल्या बेने इस्राएलींचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, हा दरफाळणीचा सण. पूर्वी ते या दिवशी दारं लावून घरातच बसत. २०२६ मध्ये उपास २० सप्टेंबरच्या सूर्यास्ताआधी धरायचा आणि २१ तारखेला रात्री तारे दिसल्यावर सोडायचा. साधारण २५ तास, कडक निर्जळी. साबुदाणा, फळं, चहा काहीच चालत नाही. शनिवारी, म्हणजे शब्बाथला (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी), आला तरी उपास टळत नाही.

आधी माणसांशी मिटवा. प्रार्थनेने देवाशी झालेले अपराध मिटतात; शेजाऱ्याचे पैसे बुडवले असतील तर ते परत करून त्याचीच माफी मागावी लागते. ‘कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमस्व’ हा सगळ्यांना धाडलेला मेसेज यात धरू नये. काय चुकलं ते सांगून मागा. नाही म्हटलं तर तीनदा जा.

चहा-कॉफी चार-पाच दिवस आधीपासून कमी करत आणा. दुपारी डोकं ठणकतं ते बरेचदा भुकेने नव्हे, चहा तुटल्याने. आदल्या दिवशी पाणी दिवसभर थोडंथोडं प्या. शेवटी तांब्याभर ढोसलं तर ते लघवीवाटे जातं. शेवटच्या जेवणात भात, चपाती, कोंबडीचं पातळ सूप पुरे. लोणचं, पापड, सुकट टाळा, तहान त्यांनीच लागते. दात घासून, दिवा लावून सूर्यास्तापूर्वी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) पोचा, कारण कोल निद्रे ही पहिली प्रार्थना उजेडातच सुरू होते.

मग अंघोळ, तेल-अत्तर, शरीरसंबंध आणि चामड्याची पादत्राणं वर्ज्य. कॅनव्हासचे बूट किंवा रबरी चप्पल चालते, कपडे शक्यतो पांढरे. सकाळी हात धुवायचे ते बोटांच्या मुळांपर्यंतच. शब्बाथसारखंच कामही बंद.

नऊ वर्षांखालच्या मुलांना उपास नाही. मुलींना १२, मुलांना १३ वर्षांपासून बंधनकारक. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी डॉक्टर आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) दोघांनाही आधीच विचारावं. जिवाला धोका असेल तर खाणंच धर्म. अशांना रब्बी बऱ्याचदा नऊ-नऊ मिनिटांच्या अंतराने घासभर खायला सांगतात.

मिन्हा या दुपारच्या प्रार्थनेत योना संदेष्ट्याची कथा वाचतात. त्याआधी तासभर पडून घ्या, म्हणजे नेइला या शेवटच्या प्रार्थनेला उभं राहवतं. शेवटी शोफार (मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य) वाजल्यावरही लगेच खायचं नाही, आधी हव्दाला, म्हणजे पवित्र दिवस संपवण्याची प्रार्थना. तिच्यासाठी ज्योत आदल्या संध्याकाळपासून तेवत असलेली लागते. दिवा लावायला विसरलात तर इथे अडता. मग घोटघोट पाणी, हलकं जेवण. तळलेलं दुसऱ्या दिवशी, ज्याला बेने इस्राएली शिळा सण म्हणतात, दानधर्म आणि गाठीभेटी उरकल्यावर.