डॉलर एकला चिकटलेला पोर्ट

नोकरीचा तिसरा महिना, अंधेरीचं ऑफिस, रात्रपाळी. काम किरकोळ: चाळीस कॉन्फिग फायलींत, म्हणजे सर्व्हिसेसच्या सेटिंगच्या फायलींत, जिथे पोर्ट (सर्व्हिस ज्या क्रमांकावर ऐकते तो) ८०८० असेल तिथे ९०९० करायचा. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली एका ओळीची कमांड लिहिली. ‘पोर्ट=’ कंसात पकडायचं, पुढचे आकडे, कुठलेही असोत, उडवायचे, आणि बदलीच्या बाजूला डॉलर एक, म्हणजे पहिल्या कंसात पकडलेलं जसंच्या तसं, लिहून त्याला लागूनच ९०९०. एंटर मारलं. हूं नाही की चूं नाही.

एक सर्व्हिस रीस्टार्ट केली, तर ती ८०८० वरच उठली. म्हणजे बदल झालाच नाही, असं धरून मी तीच कमांड पुन्हा चालवली. मग दीड तास पॅटर्न कुरतडत बसलो. मोकळ्या जागा पाहिल्या, ओळीच्या टोकाला विंडोजचं कॅरेज रिटर्न हे न दिसणारं अक्षर लपलंय का तेही पाहिलं.

शेवटी सीनियर ताईंनी चहाचा कप बाजूला ठेवून विचारलं, “फाइल उघडून बघितलीस का रे?”

नव्हती बघितली. उघडली तर पोर्टची ओळ कोरी! मध्ये आडकाठी नसल्यामुळे पर्लने डॉलर आणि पुढचे आकडे सलग वाचले होते: १९०९० वा कंस. तो कुठून असणार? त्या जागी रिकामं आलं, आणि ओळच नाही म्हटल्यावर सर्व्हिसने आपला डीफॉल्ट ८०८० घेतला. डॉलरनंतरच्या एकाला महिरपी कंसात घातलं की मिटलं.

“बॅकअप आहे ना?” ताई म्हणाल्या. आहे की, मी जुनी प्रत ठेवणारा पर्याय दिला होता! पण दुसऱ्यांदा कमांड चालवली तेव्हा पर्लने कोऱ्या ओळीच्या फायली त्याच नावाने बॅकअपवर चढवल्या. काही बदललं नाही तरी तो प्रत काढतोच. त्यात सहा फायलींचा पोर्ट मुळात ८०८० नव्हता, त्यांना हातही लावायचा नव्हता. नशीब, त्या सर्व्हिसेस अजून रीस्टार्ट केल्या नव्हत्या. चालू प्रोसेस कुठल्या पोर्टवर ऐकतायत ते एसएस कमांडने बघून आकडे हाताने भरले. सहावा सापडेपर्यंत खाली पावाच्या सायकली फिरायला लागल्या होत्या.

आता फाइल जागच्या जागी बदलणारा हायफन आय मी सगळ्यात शेवटी लावतो. आधी त्याच्याशिवाय चालवून आउटपुट डिफला, म्हणजे दोन मजकुरांतला फरक दाखवणाऱ्या कमांडला, देतो. शिवाय वॉर्निंग चालू करणारा हायफन डब्ल्यू. त्या रात्री तो असता, तर पर्लने रिकामी किंमत वापरल्याची वॉर्निंग पहिल्याच फाइलला दिली असती.