कॅलिफोर्नियात झाड लावायचं ते दिवाळीच्या सुमारास

मृगाचा पाऊस पडला की रोप लावायचं, ही आपली सवय. कॅलिफोर्नियात मात्र जून म्हणजे कोरड्या दिवसांची सुरुवात. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणून सिॲनोथस, मँझनीटा, क्लीव्हलँड सेज ही तिथली मूळची झाडं दिवाळीच्या आसपास लावा. पावसाळाभर मुळं खोल जातात आणि मग उन्हाळा सोसतात.

आधी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं दिसलं तर जागा बदला, नाहीतर मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. खत अजिबात नको, शेणखतसुद्धा नाही. पहिल्या उन्हाळ्यात मुळाशी बोट खुपसून बघा, माती कोरडी लागली तरच सकाळी भरपूर पाणी द्या. झाड रुजल्यावर सिॲनोथसला भर उन्हाळ्यात सारखं पाणी घालू नका. गरम, ओल्या मातीत मुळं कुजतात. पानं मलूल दिसली की हात पाइपकडे जातोच, पण कुजलेल्या मुळांचं झाडही अगदी तसंच मलूल दिसतं. आधी माती उकरून बघा.

कॅलिफोर्निया पॉपी या तिथल्या फुलझाडाचं मात्र रोप आणू नका. त्याच्या सोटमुळाला हलवलेलं सोसत नाही. पहिल्या पावसाआधी उघड्या मातीवर बी फेका, बस.